खेळातील कथा आणि कथेतील अश्रू



गेल्या पावसाळ्यातील गोष्ट आहे. आमच्या बोरगावच्या शाळेत नववीच्या वर्गातील एक विद्यार्थी सकाळी डोळे सुजवून आला. घरी काही बरेवाईट तर घडले नाही ना, अशी शंका येऊन मी त्यास विचारले. तो खाली मान घालून म्हणाला, “सर, ताई गेली.” मी दचकलो. त्याची थोरली बहीण दोनच महिन्यांपूर्वी लग्न होऊन सासरी गेली होती. अधिक चौकशी करता कळले, की बहीण सुखरूप आहे. भावाच्या मोबाइलवर तो एक जपानी खेळ खेळत होता, आणि त्या खेळातील एका मुलीचा आदल्या रात्री वध झाला होता. त्या खेळात पात्रांची नावे खेळणाऱ्यास बदलता येतात. याने त्या मुलीस रोमन लिपीतील तीन अक्षरांत ‘ताई’ हे नाव दिले होते.

मी हसलो. गुरुजी हसले म्हणून सारा वर्गही हसला. मुलगा मुकाट्याने जाग्यावर जाऊन बसला.

सायंकाळी घरी जाताना मात्र ते हसणे मला बोचू लागले, कारण मला माझ्या आजीची आठवण झाली. आमच्या ख्रिस्ती घराच्या भिंतीला लागून असलेल्या घरी श्रावणात ‘पांडवप्रताप’ लागे. घरची रोझरीची प्रार्थना आटोपली, की आजी शेजारच्या ओसरीवर जाऊन बसे. तंबाखूच्या वखारीत दिवसभर राबून आलेल्या बायाही तेथे असत. श्रीधरकवींनी 1712 च्या सुमारास पूर्ण केलेला हा ग्रंथ चौसष्ट अध्यायांचा आहे. तो एका बैठकीत संपत नाही. अभिमन्यू पडला, त्या रात्री साऱ्या ओसरीने पदर डोळ्यांना लावला होता. तो पडणार हे त्यांपैकी प्रत्येकीस ठाऊक होते. दरवर्षी तो पडतच होता. आजीस त्या अश्रूंबद्दल कोणी हसले नाही. मग मी या मुलास का हसलो?

या प्रश्नाने मला त्या खेळाच्या इतिहासाकडे नेले. जे हाती लागले, ते आज आपणांपुढे ठेवतो.

दीर्घ कथेस माणूस अनेक रात्री देतो, ही आपल्याकडील जुनी रीत होय. इंग्लंडातून 1579 साली गोव्यास आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी ती अचूक ओळखली. पुराणश्रवणाची सवय असलेल्या नवख्रिस्ती लोकांस केवळ प्रश्नोत्तरांची धर्मपुस्तिका पुरणार नाही, हे जाणून त्यांनी मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचले. 1616 साली ते रायतूर येथे छापले गेले. त्याच्या ओव्या जवळजवळ अकरा हजार आहेत. ख्रिस्ताच्या दुःखसहनाची कथा चार वाक्यांतही सांगता येते. परंतु त्याच्या जन्मापासून शेकडो ओव्या त्याच्यासंगे चालून मग क्रूसापाशी पोहोचणारा श्रोता निराळ्या मनाने तेथे उभा राहतो.

ही झाली कथेची बाजू. खेळाची बाजूही आपल्यास अपरिचित नाही. परंपरा ज्याचे श्रेय ज्ञानेश्वरांस देते, तो मोक्षपट म्हणजे सोंगटीने करावयाचा जीवनप्रवासच होय. सद्गुणाच्या घरात शिडी, दुर्गुणाच्या घरात साप, आणि शेवटी मोक्ष. परंतु मोक्षपटातील प्रवासी एकटा असतो. त्यास सोबती नाहीत, त्याच्याशी कोणी बोलत नाही. म्हणून साप गिळतो तेव्हा आपण हळहळतो खरे, पण रडत नाही. कथा आणि पट यांची गाठ पडावयास विसावे शतक उजाडावे लागले.

तिचा आरंभ अमेरिकेत झाला. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद, पेन्सिल आणि फाशांचा खेळ प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येकाने एका वीराची भूमिका घ्यावयाची आणि लढता लढता त्याचे बळ वाढवावयाचे, असा प्रकार होता. 1981 साली ‘विझर्डी’ आणि ‘अल्टिमा’ या खेळांनी तीच रीत घरगुती संगणकावर आणली. जपानमधील युजी होरी हा तरुण त्या खेळांच्या नादी लागला. हे खेळ किचकट होते, आणि जपानी मुलांच्या घरी तर निन्टेन्डो कंपनीचे दोन बटणांचे साधे यंत्र होते. त्या मुलांनाही असा प्रवास घडावा, या हेतूने होरी याने ‘ड्रॅगन क्वेस्ट’ रचला. चित्रे अकिरा तोरियामा यांची, संगीत कोइची सुगियामा यांचे. 27 मे 1986 रोजी तो विक्रीस आला.

आपल्याकडे मुले ज्यास व्हिडिओ गेमची कॅसेट म्हणत, तसल्या डबीत हे सारे बसवावयाचे होते, आणि तिची धारणशक्ती अवघी 64 किलोबाइट होती. जागा वाचविण्यासाठी जपानी काताकाना लिपीतील केवळ वीस अक्षरे वापरून राक्षसांची आणि गावांची नावे ठरविण्यात आली. खेळ अर्ध्यावर थांबविल्यास तो स्मरणात ठेवण्याची सोयही त्या डबीत नव्हती. म्हणून राजा खेळणाऱ्यास वीस अक्षरांचा एक ‘पुनरुज्जीवनाचा मंत्र’ सांगे. तो वहीत उतरून ठेवावयाचा आणि दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा भरावयाचा. एक अक्षर चुकले, की सारे श्रम वाया! 1987 च्या दुसऱ्या भागात तर हा मंत्र बावन्न अक्षरांपर्यंत लांबला. पुढे डबीत बॅटरी आली आणि मंत्र गेला. 1990 च्या चौथ्या भागापासून खेळणारा गावातील चर्चमध्ये जाऊन धर्मगुरूंपुढे प्रार्थना करतो आणि त्याचा प्रवास तेथे नोंदला जातो. ख्रिस्ती लोक अत्यल्प असलेल्या देशातील खेळात हे वाचून मला मोठे कौतुक वाटले.

10 फेब्रुवारी 1988 रोजी, बुधवारी, तिसरा भाग आला, तेव्हा दुकानांपुढे रांगा लागल्या. शाळा बुडवून उभ्या राहिलेल्या मुलांस पोलिसांनी हटकल्याच्या बातम्या झळकल्या. पुढील भाग सुटीच्या दिवशी विकण्याचा प्रघात त्यानंतर पडला. शिक्षक या नात्याने मी त्या मुलांचे समर्थन करणार नाही. पण त्यांच्या वर्गशिक्षकांची अडचण मला पुरेपूर समजते.

आमच्या विद्यार्थ्यास रडविणारा खेळ दुसऱ्या मालिकेतील. हिरोनोबू साकागुची यांनी 1987 साली ‘फायनल फँटसी’ ही मालिका सुरू केली. तिच्या तिसऱ्या भागाचे काम चालू असता त्यांच्या मातोश्री वारल्या. जीवन म्हणजे काय आणि मेल्यावर त्याचे काय होते, हा विचार त्यानंतर त्यांच्या मनातून गेला नाही. 31 जानेवारी 1997 रोजी प्रसिद्ध झालेल्या सातव्या भागाचा तोच गाभा आहे. तीन तबकड्यांवर मावलेल्या या कथेस साधारण चाळीस तास लागतात. एका ओसाड चर्चच्या जमिनीत फुले वाढविणारी एरिस नावाची मुलगी त्यात आहे. ती खेळणाऱ्याची सोबतीण होते, त्याच्यासंगे लढते, जखमींस बरे करते. आणि पहिल्या तबकडीच्या अखेरीस, प्रार्थनेस बसली असता, शत्रूची तलवार तिच्या देहातून आरपार जाते.

आता यातील मर्म ध्यानी घ्या. लढाईत कोणी सोबती पडला, तर त्यास उठविण्यासाठी या खेळात फिनिक्स पक्ष्याचे पीस मिळते. खेळणाऱ्याने ते डझनावारी साठविलेले असते. एरिसवर त्याचा उपयोग होत नाही. तिचे बळ वाढविण्यासाठी ज्या रात्री खर्ची घातल्या, त्यांचाही उपयोग होत नाही. तिला परत आणण्याची काही गुप्त युक्ती असलीच पाहिजे, अशा अफवा जगभर पसरल्या आणि कित्येकांनी ती वर्षानुवर्षे शोधली. मूळ खेळात तशी युक्ती नव्हतीच.

ओसरीवरील बायांपाशी असे पीस नव्हते. अभिमन्यूस वाचविणे आपल्या हाती आहे, असा भास पोथी कधी होऊ देत नाही. खेळ तो भास तासन् तास जोपासतो आणि नेमक्या वेळी काढून घेतो. म्हणूनच चौदा वर्षांच्या मुलास तो मृत्यू आपल्या हातून निसटल्यासारखा वाटतो. घरचे माणूस गेले म्हणजे हेच होते. औषधे आणलेली असतात, रात्री जागविलेल्या असतात, आणि तरीही माणूस जाते.

असे असता अशा खेळांत मुलांनी रात्रीच्या रात्री घालवाव्यात काय? माझे मत स्पष्ट आहे. पोथीस वेळेची मर्यादा होती. दिवा मालवला जाई आणि सकाळी सर्वजण कामाला लागत. मोबाइलचा दिवा कोणी मालवीत नाही. तो वडील माणसांनी मालविला पाहिजे. ओसरीवर शेजारीण शेजारणीजवळ बसून रडे, आणि हा मुलगा पांघरुणात एकटा रडला. माझ्या मते खरे उणे तेथे आहे, आणि सकाळी हसून मी त्यात भर घातली.

2021 च्या जुलैत टोकियो ऑलिंपिकचे उद्घाटन आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. खेळाडूंचे संचलन सुरू झाले ते ‘ड्रॅगन क्वेस्ट’च्या सुरावटीवर. 1986 साली मुलांचा पोरखेळ गणलेली ती चीज जपानने आपली म्हणून जगापुढे वाजविली. संगीतकार सुगियामा त्याच वर्षी वारले. चित्रकार तोरियामा 2024 मध्ये गेले.

दुसऱ्या दिवशी मी त्या विद्यार्थ्यास मधल्या सुटीत बोलाविले आणि कथा आरंभापासून सांगावयास सांगितली. प्रथम तो संकोचला. मग सांगू लागला, तो घंटा होईपर्यंत थांबला नाही. शेवटी त्याने विचारले, “सर, तिला परत आणताच येत नाही का?”

मी म्हणालो, “नाही बाळ. पण पुढचा खेळ तुला खेळावा लागेल. आणि तुझी स्वतःची ताई सासरी सुखरूप आहे; तिला आज फोन कर.”

त्या संध्याकाळी त्याने फोन केला, असे त्याच्या आईकडून मला नंतर कळले.