दिनविशेष : १२ एप्रिल १८६७ – अंधेरीच्या रुळांवरची पहिली उपनगरी गाडी
विरार ते मुंबईतील बॅकबे ही पहिली उपनगरी गाडी, म्हणजे शहराला भोवतालच्या गावांशी जोडणारी गाडी, १८६७ मध्ये आजच्या दिवशी सुरू झाली, तेव्हा जाण्याची एक व येण्याची एक एवढ्याच फेऱ्या होत्या आणि अंधेरी हे ठाणे जिल्ह्यातील साष्टी बेटावरचे भातशेतीचे गाव होते. १९२८ मध्ये या मार्गावर विजेच्या गाड्या आल्या, तर ८ जून २०१४ रोजी याच रुळांवरून आडवी जाणारी वर्सोवा-घाटकोपर मेट्रो धावू लागली. जुन्या अंधेरी गावाची सर्वांत बोलकी खूण गिल्बर्ट टेकडीवर आहे : लाव्हा थंड होताना तडकून घडलेले काळ्या बसाल्टचे उभे खांब सुमारे २०० फूट चढत जातात आणि त्यांच्या माथ्यावर गावदेवीचे देऊळ आहे.