बापूंचा ‘नो-हिटर’

शीर्षकात क्रिकेटपटू बापू नाडकर्णींच्या मद्रास कसोटीतल्या माऱ्याला बेसबॉलमधला ‘नो-हिटर’ म्हटले आहे. किमान 9 डावांच्या पूर्ण सामन्यात प्रतिपक्षाला एकही ‘हिट’ मिळाली नाही, तरच अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये तो नो-हिटर धरतात. 1991 साली हा नियम पक्का झाला आणि जुने सुमारे 50 सामने यादीतून गळाले. क्षेत्ररक्षकाच्या चुकीने धाव निघाली तरी नो-हिटर टिकतो. कुणालाच बेसवर पोहोचू न देणारा ‘परफेक्ट गेम’ त्याहून दुर्मीळ. वर्ल्ड सिरीजमध्ये तो एकट्या डॉन लार्सनने साधला, 1956 मध्ये.

नाशिकच्या नाडकर्णींनी जानेवारी 1964 मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध सलग 21 षटके निर्धाव टाकली. ओळीने 131 चेंडूंवर धाव नाही. डावातले पृथक्करण 32-27-5-0. शेवटचे शून्य बळींचे आहे आणि तुलना तिथेच अडते, कारण पिचरला, म्हणजे बेसबॉलच्या गोलंदाजाला, नो-हिटरसाठी साधारणपणे 27 जण बाद करावे लागतात. तरी बोलस आणि बॅरिंग्टन या इंग्लंडच्या फलंदाजांना डावखुऱ्या फिरकीवर असे जखडणे हा योगायोग नव्हता. 41 कसोटींत बापूंनी षटकामागे सरासरी 1.67 धावाच दिल्या.