अंगठा खरा, संमती खरी? हुगळीच्या ठशापासून वरणगावच्या पेन्शनपर्यंत

१/ तापी खोऱ्यातील वरणगाव (ता. भुसावळ) येथे १९६४ साली आयुध निर्माणी उभी राहिली. तिच्यामुळे या शेतीप्रधान गावात निवृत्तिवेतनावर चालणारी घरेही निर्माण झाली. दरवर्षी नोव्हेंबरात पेन्शनर हयातीचा दाखला देतात. बोट यंत्रावर टेकते, ओळख पटते आणि पेन्शन चालू राहते. या साध्या कृतीमागे मोठा इतिहास आहे.

२/ १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला. उद्देश एवढाच, की पुढे सही नाकारता येऊ नये. १८७७ मध्ये हुगळी येथे त्याने पेन्शनरांच्या बोटांचे ठसे घेण्यास आरंभ केला. मृताच्या नावावर दुसऱ्याने पेन्शन उचलू नये, हा त्यामागचा हेतू होता.

३/ ठशाने 'अंगठा कोणाचा?' हा प्रश्न सोडवला. मात्र अंगठा उमटवणाऱ्याला कागदात काय लिहिले आहे हे ठाऊक होते काय, तो दडपणाखाली होता काय, या प्रश्नांना ठशाकडे उत्तर नव्हते. त्याच काळात मुंबई इलाख्यातील शेतकरी याच अनुत्तरित प्रश्नात अडकला होता.

४/ १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडला हिंदुस्थानी कापूस हवा होता. खानदेशाच्या काळ्या जमिनीतील कापसाला भाव आला, रेल्वे भुसावळपर्यंत पोहोचली आणि शेतकऱ्याची पत वाढली. युद्ध संपताच भाव कोसळले. कर्ज मात्र तसेच राहिले.

५/ त्यात एका कायद्याची भर पडली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या, नोंदणी न केलेल्या कर्जरोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा करणे बंधनकारक केले. ही तरतूद ऋणकोच्या हिताची वाटत होती. प्रत्यक्षात सावकार मुदत संपण्यापूर्वी नवा रोखा लिहून घेऊ लागला आणि थकलेले व्याज मुद्दलात मिसळू लागला. अंगठा प्रत्येक वेळी खराच असे. आकडा मात्र दुसऱ्याच्या हातचा असे.

६/ १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा उसळला आणि पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. जमावाचा मुख्य रोख सावकारांच्या वह्या आणि रोख्यांवर होता. ते हिसकावून जाळण्यात आले. निरक्षर माणसाने कागदावर केलेला हा हल्ला अविचारी नव्हता, कारण व्यवहाराचा एकमेव पुरावा बलवान पक्षाच्या पेटीत बंद होता.

७/ चौकशी आयोगानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. शेतकऱ्याचा रोखा ग्राम-निबंधकासमोरच व्हावा, कागद मोठ्याने वाचून दाखवावा, दिलेली रक्कम स्पष्ट नोंदवावी, असे त्याने ठरवले. कर्जफेडीची पावती, वार्षिक हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क ऋणकोला मिळाला. न्यायालयाला रोख्यामागे जाऊन मूळ व्यवहार तपासता येऊ लागला.

८/ हा कायदा आरंभी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. शेजारचा खानदेश त्यात नव्हता. त्याच्या तरतुदी इलाख्यात इतरत्र विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत पोहोचल्या. तोवर खानदेशी ऋणकोला मुख्य आधार होता तो 'दामदुप्पट' या जुन्या नियमाचा. त्यानुसार एका वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलाहून अधिक असू शकत नसे.

९/ कायद्यालाही पळवाटा सापडल्या. गहाणखताऐवजी थेट खरेदीखत लिहून घेतले जाऊ लागले. काही ठिकाणी सावकाराने हात आखडता घेतला आणि गरजवंताला कर्जच मिळेना. दुर्बलाचे रक्षण करताना त्याची पतच काढून घेतली गेली, तर ते रक्षण त्याला जाचक ठरते. हा धडा आजही लागू आहे.

१०/ १९०४ च्या कायद्याने सहकारी पतसंस्थांची वाट खुली झाली. १९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि बँक खेड्याच्या जवळ आली. ग्राम-निबंधकाचे काम नकळत बँकेच्या खिडकीकडे आले. सही करू न शकणाऱ्या आजारी वा वृद्ध खातेदाराच्या अंगठ्याची ओळख बँकेला परिचित अशा दोन स्वतंत्र साक्षीदारांनी पटवावी आणि त्यांतील एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पैसे काढण्यासाठी घरातील माणूस सोबत आला, तरी परकी नजर आवश्यक मानली गेली.

११/ नोव्हेंबर २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने ७० वर्षांवरील ज्येष्ठांना घरपोच बँकसेवा देण्याचे निर्देश दिले. त्याच वर्षीच्या जुलैमधील परिपत्रकानुसार बँकेची वा ग्राहकाची चूक नसताना त्रयस्थामुळे अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहार झाला आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर त्याच्यावर भार पडत नाही. म्हणजे खोट्या अंगठ्याविरुद्ध संरक्षण आले.

१२/ परंतु आजचा फसवणारा अंगठा खोटा करत नाही. तो फोनवर पोलीस अधिकारी बनतो, 'डिजिटल अरेस्ट'ची भीती घालतो आणि वृद्ध स्वतःच्या हाताने मुदतठेव मोडून रक्कम पाठवतो. कधी घरातलाच माणूस कोऱ्या धनादेशावर सही घेतो. ओळख निर्विवाद असते, संमती पोकळ असते. प्रश्न १८७५ चाच आहे.

१३/ अशा वेळी बँक काय करू शकते? ठेव अचानक मोडली जात असेल तर खातेदाराशी एकांतात बोलणे, कागद वाचून दाखवणे, कारण विचारणे, १९३० या सायबर हेल्पलाइनची माहिती देणे. हे अधिकाऱ्याचे कुतूहल नव्हे. १८७९ साली निबंधकाकडून अपेक्षित असलेले हेच कर्तव्य होते. मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे: पैसा खातेदाराचा, म्हणून अंतिम निर्णयही त्याचाच. वय झाले म्हणून माणूस अज्ञान ठरत नाही.

१४/ हर्शेलने माणसाची ओळख पटवण्याचे साधन दिले. सुप्याच्या शेतकऱ्यांनी दाखवून दिले की तेवढे पुरेसे नाही. वरणगावचा पेन्शनर यंत्रावर बोट टेकवतो, तेव्हा यंत्र एवढेच सांगते की हा तोच माणूस आहे. 'बाबा, हे पैसे कोणाला पाठवताय?' हे मात्र खिडकीपलीकडच्या माणसालाच विचारावे लागते.