शब्दवेध : मुखबिर

इंग्रजीतल्या ‘सस्पेक्ट’चं मूळ लॅटिन आहे. ‘सब’ म्हणजे खालून, ‘स्पेसेरे’ म्हणजे पाहणं. संशय म्हणजे खालच्या नजरेनं न्याहाळणं. याच धातूचा संस्कृतमधला भाऊबंद ‘स्पश’, म्हणजे हेर. ऋग्वेदातल्या वरुणाचेही स्पश आहेत, आणि इंग्रजी ‘स्पाय’ही त्याच कुळातला. बघणाऱ्याचा आणि संशयाचा घरोबा असा फार जुना.

गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात मात्र संशयाला अरबी नाव मिळालं : मुखबिर. जो ‘खबर’ देतो तो. हे घराणं मराठीत चांगलंच रुळलेलं आहे : अखबार, बेखबर. बखर हाही खबरचाच अक्षरपालट, असं अनेक अभ्यासक मानतात. ‘खबरदार’ म्हणजे मुळात माहीतगार. आपण त्याची धमकी केली. मुखबिराचं त्याहून वाईट झालं. एप्रिल २०१८ मध्ये कसनासूर-बोरिया परिसरातल्या चकमकीत सुमारे चाळीस नक्षलवादी मारले गेले. जानेवारी २०१९ मध्ये कसनासूरच्याच तीन गावकऱ्यांना, पोलिसांना खबर दिल्याच्या संशयावरून नक्षलवाद्यांनी ठार केलं. उलट बाजूही आहे : बंदुकीच्या धाकानं रात्री भात वाढणारा माणूस सकाळी पोलिसांच्या नजरेत ‘समर्थक’ ठरू शकतो.

अशा हत्येच्या दुसऱ्या दिवशी मथळा येतो, ‘मुखबिराची हत्या’. ‘संशयावरून’ हा शब्द गळालेला असतो. संपादकहो, तिथं ‘गावकऱ्याची हत्या’ एवढंच छापा.