बॅटरी का उतरते?

शिरूर-दौंड भागात जुन्या बुलेटची बॅटरी संपत नाही, ती उतरते. ताप उतरतो, विंचवाचं विष उतरतं, पूर उतरतो, तशीच बॅटरीही. हे क्रियापद विजेला कुणी पहिल्यांदा लावलं, याची नोंद कुठे असायची नाही. पण शब्द मुरलेला आहे आणि त्याचं मूळ पाण्यात आहे. संस्कृतातला ‘तृ’ हा धातू तरण्याचा, पार होण्याचा. त्याला ‘उत्’ लागला की अर्थ होतो पाण्यातून वर येणं, काठाला लागणं. नावेतून काठावर येणारा माणूस पायउतारही होतो. प्राकृतापर्यंत येता येता या शब्दातलं ‘वर’ मागे पडलं आणि ‘खाली’ पुढे आलं. मराठीने मात्र जुनी खूण टाकली नाही. नदीला उतार मिळाला म्हणजे पायी पार होण्याजोगी जागा सापडली. घोडनदीच्या काठी शिरूर आणि भीमेच्या काठी दौंड. या दोन्ही गावांना हा अर्थ वेगळा सांगावा लागू नये.

उतरलेली बॅटरी पुन्हा ‘चार्ज’ करायची. हा शब्द इंग्रजीने फ्रेंचमधून घेतला आणि त्याच्या मुळाशी उत्तरकालीन लॅटिनमधलं ‘कारिकारे’ आहे, म्हणजे गाडा लादणं. जहाजावरचा ‘कार्गो’ त्याच घरातला. चार्ज म्हणजे लादलेलं ओझं. म्हणूनच तो तोफेतही भरतात, बॅटरीतही भरतात आणि कचेरीत बदलून आलेला साहेबही तो घेतो. आपल्याकडे विज्ञानाच्या पुस्तकांनी ‘प्रभार’ हा शब्द घेतला, कचेरीने ‘पदभार’. दोन्हींत ‘भृ’ हा धातू, वाहणं-पेलणं या अर्थाचा. गवताचा भारा त्यातूनच आला आणि ‘भरणे’ हे क्रियापदही.

या ‘भरण्या’चा आमच्या भागातला उपयोग मला फार मोलाचा वाटतो. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी म्हणतो, ‘मोटार भरायला टाकलीय.’ भरायची असते तांब्याची तार. जळालेलं वाइंडिंग कापून काढायचं आणि स्टेटरच्या खाचांतून नवं बसवायचं. मोटारसायकलचा आल्टरनेटर जळाला तरी हेच शब्द: कॉइल भरून घ्या. इंग्रजी ‘रिवाइंडिंग’मध्ये गुंडाळणं दिसतं; ‘भरणे’ म्हणताना रिकाम्या खाचा डोळ्यांपुढे येतात. काम करणाऱ्याच्या हाताला जे जाणवतं, ते या शब्दात आहे. परिभाषा घडवणाऱ्यांनी अशा शब्दांसाठी वाइंडिंगच्या दुकानात बसायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

जुन्या गाड्या सहा व्होल्टच्या. म्हैसूरच्या आयडियल जावाने 1961 पासून बनवलेली जावा घ्या. (नावातलं ‘जा’ यानेचेक या चेक कारखानदाराचं आणि ‘वा’ वाँडरर या जर्मन कंपनीचं.) तिच्या डायनमोची ताकद 45 वॅट. दिवसा तेवढी पुरते. पण शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याला रात्री निघालात आणि उसाचा हंगाम असला, तर मागे दिवा नसलेली ट्रॉली अगदी जवळ येईपर्यंत पिवळ्या उजेडात दिसत नाही. गाडी बारा व्होल्टची करून घेण्यामागे हौसेपेक्षा हे कारण मोठं आहे.

हिशेब सोपा आहे. 36 वॅटच्या दिव्याला सहा व्होल्टवर 6 अँपिअर प्रवाह लागतो, बारा व्होल्टवर 3. जुनी वायर, झिजलेला स्विच, गंजलेले जोड मिळून 0.2 ओहम विरोध धरला, तर सहापैकी 1.2 व्होल्ट वाटेतच जातात, म्हणजे पाचवा हिस्सा. बारात जातात फक्त 0.6. हा बदल करताना बॅटरीबरोबर बल्ब, हॉर्न, इंडिकेटरचा फ्लॅशर, इग्निशन कॉइल हे सगळंच बदलावं लागतं आणि आल्टरनेटर असलेल्या गाडीत त्याला रेग्युलेटर-रेक्टिफायर जोडावा लागतो. बुलेटचा अँपिअर मीटर मात्र राहू द्यावा. किल्ली फिरवून, डिकॉम्प्रेशनचा लिव्हर दाबून किक हळूहळू खाली न्यायची. वजा बाजूला झुकलेला काटा मध्यावर आला की इग्निशनचे पॉइंट उघडले. मग लिव्हर सोडायचा, किक वर घ्यायची आणि पूर्ण मारायची. चार्जिंग दाखवायला बसवलेला काटा पॉइंटवरच्या गाड्यांत किक मारायलाही शिकवतो.

‘डायनमो’ हे नाव ‘द्युनामिस’ म्हणजे शक्ती या ग्रीक शब्दावरून आलं. वेर्नर सीमेन्सचं डायनमोचं तत्त्व बर्लिनच्या अकादमीपुढे मांडलं गेलं 1867 साली. त्याच वर्षी नोबेलने त्याच शब्दावरून ‘डायनामाइट’ हे नाव घेतलं. आल्टरनेटरचं कूळ वेगळं. लॅटिन ‘आल्टर’ म्हणजे दोहोंतला दुसरा, म्हणून आलटून पालटून दिशा बदलणारा प्रवाह देणारा तो आल्टरनेटर. दौंडसारख्या जंक्शनच्या गावाला डायनमो जाऊन आल्टरनेटर येण्याचं नवल नसावं. रेल्वेच्या डब्याखाली आसावरून पट्ट्याने फिरणारा डायनमो असे आणि तो 24 व्होल्टच्या बॅटऱ्या भरत असे. पुढे त्याची जागा आल्टरनेटरने घेतली आणि व्होल्ट 110 झाले. कार्बन ब्रश झिजणं, कम्यूटेटर काळा पडणं ही दुखणी डब्याखालच्या डायनमोची, तीच जावाच्याही.

आणखी एक शब्द गॅरेजमध्ये रोज कानावर येतो: ‘अर्थ’. ‘दिव्याला अर्थ मिळत नाही,’ असं मिस्त्री म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ इंग्रजी, जमीन या मुळाचा. आपला अर्थ हेतूचा, धनाचा, आशयाचा. दोन्हींचं नातं काही नाही, उच्चार तेवढा जुळला. पण बारा व्होल्टचं काम करून आणलेली गाडी मिणमिणतच राहिली, तर नवं सामान खोलण्याआधी बॅटरीची अर्थ वायर चॅसीला जिथे बोल्टने आवळलेली असते, ती जागा पाहावी. गाडी नव्याने रंगवलेली असली, तर तिथला रंग पॉलिश पेपरने पार लोखंडापर्यंत घासावा, थोडं व्हॅसलीन लावावं आणि मगच बोल्ट आवळावा.