शहरातले गावकूस : भाड्याचे घर, जात आणि कायदा

मुंबई, ठाणे किंवा पुण्यात भाड्याचे घर शोधणाऱ्या आपल्या मुलामुलींना एजंट आधी बजेट विचारतो, मग नोकरी, आणि मग सहज विचारल्यासारखे ‘पूर्ण नाव काय म्हणालात?’. आडनावावरून अंदाज आला नाही, तर पुढचा प्रश्न ‘नॉनव्हेज खाता का?’. शेवटी ‘तुम्हाला कॉस्मो सोसायटी बघू’ असे म्हणून तो फोन ठेवतो. वस्त्यांमध्ये काम करताना हा संवाद आम्ही इतक्या जणांकडून ऐकला आहे, की तो आता पाठ झाला आहे. काही जण तर बाबासाहेबांची तसबीर हॉलमध्ये लावायची की आतल्या खोलीत, हे ठरवूनच टेम्पो बोलावतात.

एखाद्या समूहाची घरे शहराच्या ठरावीक भागातच साचत जातात आणि इतर भागांत त्याला वाट मिळत नाही, याला समाजशास्त्रात ‘निवासी विलगीकरण’ म्हणतात. ‘पैसा आला की हे संपते’ हा त्यावरचा नेहमीचा युक्तिवाद. तो खरा असता तर शहरांची विभागणी मुख्यतः उत्पन्नानुसार दिसली असती. त्रिना विठयाथिल आणि गायत्री सिंग यांनी २००१ च्या जनगणनेतील वॉर्डनिहाय आकडे घेऊन सात मोठ्या महानगरांचा अभ्यास २०१२ मध्ये मांडला. त्यांना आर्थिक-सामाजिक स्तरापेक्षा जातीनुसार झालेली फारकत जास्त आढळली. त्यातही वॉर्ड हे फार मोठे माप आहे. एकाच वॉर्डात टॉवर आणि त्यामागची झोपडपट्टी दोन्ही मोजली जातात, त्यामुळे गल्ली आणि इमारतीच्या पातळीवरची फारकत या आकड्यांत पूर्ण उतरत नाही. सुखदेव थोरात व सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात केलेला आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास थेट घरमालकाच्या दारापर्यंत गेला. सवर्ण, दलित आणि मुस्लिम अर्जदारांनी भाड्याच्या घरांसाठी विचारणा केली. सवर्णांना सहज होकार मिळाला. दलितांपैकी अनेकांना थेट नकार मिळाला किंवा जादा भाड्यासारख्या अटी घातल्या गेल्या. मुस्लिमांचा अनुभव त्याहून वाईट होता.

बाबासाहेबांना शहराकडून आशा होती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी खेड्याच्या गौरवीकरणावर जी टीका केली, ती आपल्याला ठाऊक आहे. पण शहर म्हणजे आपोआप मुक्ती, असा भाबडा समज त्यांचा नव्हता. परदेशात शिकून ते १९१७ मध्ये बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले आणि राजधानीच्या त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राने आसरा देण्याचे टाळले. बडोद्यातल्या बागेत बसून त्यांनी मुंबईच्या गाडीची वाट पाहिली. पदवी होती, पगार होता, ओळखीही होत्या. आजच्या आयटीतल्या तरुणाकडेही हे सगळे असते.

मुंबईच्या चाळींचा इतिहास या दृष्टीने वाचायला हवा. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. त्याच्या बी.आय.टी. चाळीत, परळला, बाबासाहेब अनेक वर्षे राहिले. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे बीडीडी चाळी उभ्या राहिल्या : १६० चौरस फुटांची खोली आणि मजल्यावर सामाईक संडास. गिरणीत, गोदीत सगळे एकत्र काम करत. पण राहण्याच्या इमारती बऱ्याच अंशी जातीनुसार ओळखल्या जात. जानेवारी १९७४ मध्ये वरळीची दंगल पेटली, तेव्हा याच इमारतींच्या सीमा दगडफेकीच्या सीमा झाल्या. दलित पँथरचे भागवत जाधव त्या महिन्यात मारले गेले. जुनेद शेख यांच्या ‘आउटकास्ट बॉम्बे’ (२०२१) या पुस्तकात शहराची उभारणी आणि जात यांचे नाते सविस्तर आले आहे. अभ्यासवर्गात ते जरूर घ्यावे.

जात आणि धर्म या दोन्ही रेषा पुढे उपनगरांत गेल्या. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतील अनेक मुस्लिम कुटुंबे सुरक्षिततेसाठी मुंब्र्याला गेली. देवनारचे डम्पिंग ग्राऊंड ज्यात येते, तो गोवंडी-मानखुर्दचा ‘एम पूर्व’ वॉर्ड २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात शहरात सर्वांत तळाला होता. तिथे कोण राहतात, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

इथे स्वतःबद्दलही बोलावे लागेल. एकत्र वस्तीने आपल्याला विहार दिला, जयंती दिली, संकटात धावून येणारी माणसे दिली. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलीस गोळीबारात दहा जण गेले, तेव्हा वस्ती एकत्र होती म्हणूनच लढा उभा राहू शकला. त्यामुळे ‘वस्ती सोडा, मिसळा’ असा सरसकट सल्ला आम्हाला पटत नाही. स्वखुशीने एकत्र राहणे वेगळे आणि दुसरीकडे दार बंद म्हणून राहणे वेगळे. मात्र आपल्यातलेच काही घरमालक मातंग किंवा मुस्लिम भाडेकरूला टाळतात, हेही आम्ही पाहिले आहे.

आता कायदा. संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, रस्ते येतात. खासगी घराचा उल्लेख नाही. २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारा उपविधी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला आणि बदल करायचा तर तो विधिमंडळाने करावा, असे सुचवले. हा निकाल आपल्या विरोधात नेहमी पुढे केला जातो. पण नागरी हक्क संरक्षण अधिनियम १९५५ चे कलम ४ कुणी वाचत नाही. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहते घर बांधण्यास, घेण्यास किंवा त्यात राहण्यास अडथळा आणणे हा त्यानुसार गुन्हा आहे. कलम १२ तर आणखी उपयोगाचे. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झाले असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे समोरच्याने सिद्ध करायचे असते. शिक्षा एक ते सहा महिने आणि दंड १०० ते ५०० रुपये. ही रक्कम आजही तेवढीच आहे, यावरून या कायद्याकडे किती लक्ष दिले जाते ते कळते. मुस्लिमांना तर या कायद्याचा आधारच नाही. म्हणून भेदभावविरोधी स्वतंत्र गृहनिर्माण कायद्याची मागणी दोघांनी मिळून करायला हवी.

नकार तोंडी असतो, हीच खरी अडचण. आमच्या एका सहकाऱ्याला ‘फ्लॅट गेला’ असे सांगितल्यावर तासाभराने दुसऱ्या आडनावाच्या मित्राने फोन केला, तेव्हा तोच फ्लॅट रिकामा होता. अशी दुहेरी विचारणा तारीख-वेळेसह लिहून ठेवावी, एजंटचे व्हॉट्सअॅप मेसेज पुसू नयेत, जाहिरातीचा स्क्रीनशॉट घ्यावा. तक्रारीसोबत जातीच्या दाखल्याची प्रत जोडावी. ‘तुम्ही तर बौद्ध, मग अनुसूचित जातीचे कसे?’ असे ठाण्यात कुणी विचारले, तर १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा अनुसूचित जातींच्या आदेशात समावेश झालेला आहे, हे दाखवणारा कागदही सोबत ठेवावा.