हँगरमधला विमानतळ

१९४६ साली विमानाने मुंबईत उतरणारा माणूस ज्या इमारतीत शिरत असे, ती माणसांसाठी बांधलेलीच नव्हती. ती होती रॉयल एअर फोर्सची हँगर, विमानं ठेवायची. युद्ध संपलं, फौजा परतू लागल्या, रिकाम्या पडलेल्या दोन हँगरांची डागडुजी झाली आणि त्यांनाच टर्मिनल म्हणू लागले. एकात देशांतर्गत प्रवासी, दुसऱ्यात परदेशी. दोन्ही बाजूंना कस्टम्स आणि इमिग्रेशनची तपासणी, मधोमध बसायची सोय. दिवसाला नागरी विमानसेवा सहा! सांताक्रूझच्या विमानतळाचा संसार असा दुसऱ्याच्या घरात सुरू झाला, आणि त्या घराच्या भिंती कुठे असाव्यात हे नव्या मालकाला कुणी विचारलं नाही.

मुंबईचा पहिला विमानतळ हा नव्हेच. तो मान जुहूचा. १९२८ साली तिथे बॉम्बे फ्लाइंग क्लब आला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाच्या थैल्या घेऊन एका छोट्या पस मॉथ विमानातून जुहूलाच उतरले. तिथून ते टपाल नेव्हिल व्हिन्सेंट पुढे मद्रासकडे घेऊन गेले. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकापर्यंत पोहोचली, पण तिच्यातला चिखल पोहोचला नाही. जुहूचं मैदान समुद्राच्या इतकं काठाशी की पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई, आणि टाटांच्या विमानसेवेला आपलं बिऱ्हाड उचलून पुण्याला न्यावं लागे. हौशी वैमानिकांच्या क्लबाला हे चालून जातं. युद्धाला चालत नाही.

आणि युद्ध दाराशी आलं होतं. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं, मार्चमध्ये रंगून, एप्रिलमध्ये कोलंबोवर आणि आपल्या विशाखापट्टणमवर जपानी बॉम्ब पडले. पूर्वेची बंदरं धोक्यात आली तशी पश्चिमेच्या मुंबईची किंमत वाढली. माणसं, दारूगोळा, सुटे भाग, सगळं इथे उतरवायचं आणि देशभर पाठवायचं. जुहूहून मोठा तळ सांताक्रूझला होता. १९४२ पासून १९४७ पर्यंत रॉयल एअर फोर्सची पथकं तिथे राहिली. जागा लष्करी नजरेने अगदी अचूक होती. साष्टीच्या या भागात सपाट भूमी, पश्चिमेला बी. बी. अँड सी. आय.चे रूळ, पूर्वेला कुर्ल्याकडून जी. आय. पी.चे.

याच पट्ट्यातून एक आगगाडीही जात होती, हे आज फारसं कुणाच्या लक्षात नसतं. ट्रॉम्बेहून कुर्ल्यामार्गे अंधेरीला, जेमतेम तेरा किलोमीटरची ही लाइन १९२८ साली सुरू झाली आणि १९३४ मध्ये बंद पडली. तिच्या वाटेवरचा बराच भाग आज विमानतळाच्या कुंपणाआड आहे. पूर्व आणि पश्चिम उपनगरांना आडवा जोडणारा तो धागा तुटला तो तुटलाच; वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो यायला २०१४ साल उजाडावं लागलं. मधली ऐंशी वर्षं आम्ही उत्तरेकडचे लोक अंधेरी-कुर्ला रस्त्यावर रिक्षात बसून घाम पुसत राहिलो. शहराच्या ऐन कमरेत धावपट्टी बसवायची हा निर्णय कुठल्याही नगररचनाकाराने घेतला नसता. तो घेतला गेला तेव्हा ती शहराची कंबर नव्हती, वेशीबाहेरचा मुलूख होता. कोळे-कल्याण, मरोळ, सहार, चकाला ही गावं होती, टर्मिनलची नावं नव्हती.

हस्तांतर १९४६ मध्येच सुरू झालं. एअर फोर्सने तळ नागरी विमान वाहतूक खात्याकडे सोपवायला घेतला. त्याच वर्षी २९ जुलैला टाटा एअरलाइन्सची एअर-इंडिया झाली. युद्धानंतर डाकोटा विमानं ढिगाने शिल्लक होती, स्वस्तात मिळत होती, आणि देशात विमान कंपन्यांचं पेवच फुटलं. फाळणीने वाहतूक आणखी वाढवली. ८ जून १९४८ रोजी 'मलबार प्रिन्सेस' हे कॉन्स्टेलेशन विमान कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघालं, आणि दोन-तीन वर्षांपूर्वी लष्करी कवायती पाहणारं मैदान आंतरराष्ट्रीय झालं.

सगळ्याच लष्करी तळांच्या नशिबी हे आलं नाही. बेळगावजवळचं सांबरा १९४२ चं, युद्धाच्याच धामधुमीतलं. आज तिथे हवाई दलाचं प्रशिक्षण आणि नागरी विमानं दोन्ही नांदतात. नागपूरचं सोनेगाव तर पहिल्या महायुद्धाइतकं जुनं; तेही नागरी झालं, आणि १९४९ पासून चार महानगरांची रात्रीची टपालविमानं मध्यरात्री तिथे येऊन थैल्यांची अदलाबदल करून परत फिरू लागली. पुण्याचं लोहगाव १९३९ चं, पण ते आजही हवाई दलाचंच आहे, नागरी प्रवासी तिथे पाहुणे. माझ्या मते या तिघांपेक्षा सांताक्रूझचं रूपांतर जास्त पूर्ण झालं, म्हणूनच त्याचं मूळ सगळ्यांत जास्त विसरलं गेलं.

जुहू मात्र बंद झालं नाही, आणि त्यातून जे व्हायचं ते झालं. दोन्ही मैदानं एकमेकांपासून काही किलोमीटरवर, दोन्हींची एक पट्टी जवळपास पूर्व-पश्चिम, आणि समुद्रावरून येणाऱ्याला आधी दिसतं ते जुहू. १५ जुलै १९५३ रोजी बी. ओ. ए. सी. या ब्रिटिश कंपनीचं कॉमेट, म्हणजे त्या काळचं जगातलं सर्वांत नवलाचं जेट विमान, सांताक्रूझ समजून जुहूच्या तोकड्या पट्टीवर उतरलं. थांबलं हे नशीब. तिथून पुन्हा उडायला त्याला नऊ दिवस लागले. एकदा झालं ते झालं म्हणावं, तर २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ ने तीच चूक केली. ते पट्टी ओलांडून पुढे गेलं आणि कायमचं निकामी झालं. प्राणहानी झाली नाही. टपालाच्या थैल्यांसाठी असलेलं मैदान आणि फौजेसाठी असलेलं मैदान, या दोघांच्या शेजारपणाची ही किंमत.

नंतरची वंशावळ भरभर सांगता येते. १९५८ साली हँगर सोडून सांताक्रूझचं खरं टर्मिनल उभं राहिलं. १९७१ च्या एप्रिलमध्ये एअर इंडियाचं पहिलं जम्बो 'एम्परर अशोक' आलं, तेव्हा हवाई दलाची दोन मिग-२१ विमानं त्याला सोबत करत होती. जुन्या मालकीची ही आठवण कुणी मुद्दाम काढली नसावी, पण जमून आली. २१ सप्टेंबर १९७९ च्या आगीत टर्मिनल जळलं, तीन प्रवासी दगावले. सहारचं आंतरराष्ट्रीय टर्मिनल आधीपासून ठरलं होतं, ते १९८१ मध्ये सुरू झालं, आणि पुढची दोन दशकं 'सहारला सोडायला जाणं' हा अख्ख्या कुटुंबाचा कार्यक्रम झाला. एक जण आखातात निघालेला, आणि पोहोचवायला जीपभर माणसं, डब्यासकट. २०१४ मध्ये नवं टर्मिनल, टी-टू, आलं.

इमारती बदलल्या, नाव बदललं. बदलली नाही ती आखणी. युद्धकाळातल्या तळाला सुरुवातीला तीन धावपट्ट्या होत्या. लष्करी तळांवर त्या एकमेकींना तिरक्या ठेवायची रीत होती, म्हणजे वारा कुठूनही आला तरी एक पट्टी हाताशी असते. हलक्या विमानांसाठी हे शहाणपणाचं. आज दोन उरल्यात आणि त्या एकमेकींना छेदतात. छेदणाऱ्या पट्ट्यांवर एकाच वेळी दोन विमानं मोकळेपणाने वापरता येत नाहीत, त्यामुळे मुंबई प्रत्यक्षात एका धावपट्टीवर चालते. तिच्यावर २०१८ साली एका दिवसात हजाराहून जास्त विमानांची ये-जा झाली, हे कौतुकाचं आहेच. पण ही कसरत ज्या भूमितीमुळे करावी लागते ती लष्करी तळाच्या गरजेची आहे. दुसरी समांतर पट्टी टाकायला जागा नाही, कारण कुंपणाला लागून वस्ती आली. पाण्यालाही वाट काढून द्यावी लागली. मिठी नदी विमानतळाशी वळणं घेत, धावपट्टीखालून जाते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, तेव्हा मिठी आपली जुनी जागा मागायला आली आणि विमानतळ एक दिवसाहून जास्त काळ बंद राहिला.

आता आमच्या कांदिवलीकडे. सांताक्रूझच्या पट्टीपासून आम्ही बारा-तेरा किलोमीटर उत्तरेला. मुंबईच्या जमिनीच्या उलाढालीत आमचं गाव जुनं गिऱ्हाईक आहे: बॅकबेच्या भरावासाठी इथला डोंगर फोडला, आणि त्या खोदाईत के. आर. यू. टॉड नावाच्या नौदल अधिकाऱ्याला अश्मयुगीन दगडी हत्यारं सापडली. कांदिवली पूर्वेला लष्कराचा सेंट्रल ऑर्डनन्स डेपो आहे, सगळे त्याला नुसतं सीओडी म्हणतात. सांताक्रूझची जागा लष्कराने सोडली; ही सोडली नाही. भिंत, तारा, आत दाट झाडी, बाहेर रिक्षांचा थांबा.

गंमत अशी की आमच्या इमारतींची उंची दोन्ही जागा मिळून ठरवतात. विमानतळापासून वीस किलोमीटरच्या परिघात टॉवर चढवायचा तर विमानतळ प्राधिकरणाचं ना-हरकत पत्र लागतं, आणि डेपोच्या भिंतीलगत बांधायचं तर संरक्षण खात्याचे अंतराचे नियम आड येतात. एक जागा वरून मोजते, दुसरी बाजूने. त्यामुळे पुनर्विकासाच्या सभेत बिल्डर नकाशा उलगडतो, तेव्हा या भागातली जाणती मंडळी चटईक्षेत्राआधी विचारतात, सीओडीची भिंत किती मीटरवर धरलीत?